भिंतीपलीकडचं बटण

तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलं की डावीकडून चौथं दार, असं चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. तिने उजवीकडून मोजलं. आता घाईत माणूस चुकतो, आणि आयुष्यातल्या पहिल्या मुलाखतीला निघालेला माणूस तर हमखास चुकतो, त्यामुळे तिला फार बोल लावण्यात अर्थ नाही. दार ढकलून ती आत गेली, तोच पांढऱ्या कोटातल्या एका गृहस्थांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मी येईपर्यंत दार उघडायचं नाही. उघडलंत तर पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं," असं एका दमात बजावून ते बाहेर पडले. दार लागलं आणि खोलीत असा मिट्ट काळोख झाला की तिला स्वतःचा हात दिसेना.

ती मुकाट्याने बसून राहिली. मानसशास्त्र विभागातली मुलाखत, तेव्हा काहीतरी विचित्र विचारणारच, असं बाबांनी घरून निघताना सांगितलंच होतं.

मिनिटभराने उजव्या बाजूला, दाराआडच्या कोपऱ्यात, कुणीतरी घसा खाकरला.

"घाबरू नका," एक आवाज म्हणाला. "मी आधीपासून इथे आहे. सांगायचं राहून गेलं."

"मी नाही घाबरले," ती म्हणाली. खुर्चीचे दोन्ही हात तिने घट्ट धरले होते, पण ते कुणाला दिसत होतं?

"तुम्हीही बाळांच्या खोलीतल्या नोकरीसाठी आलात का?"

"हो. पण... इथे बाळं कुठे आहेत?"

"मीही तोच विचार करतोय. मला वाटतं, ही त्यांची परीक्षा असावी. आपण किती वेळ गप्प बसतो ते बघत असतील."

"मग आपण दोघंही नापास."

तो हसला. मोकळं, बेताचं हसू होतं. अंधारात माणसाचं हसू आधी कळलं आणि चेहरा नंतर, असा अनुभव तिला नवीन होता. तिला तो आवडला, हे ती पुढे कितीतरी दिवस कबूल करणार नव्हती.

पुढच्या पंधरा मिनिटांत दोघं एकमेकांना न बघता बरंच काही बोलून गेली. तिने त्याला सांगितलं की त्याच्या मनगटावरचं चावीचं घड्याळ लंगडतंय, एक ठोका लांब आणि एक आखूड पडतोय. इतक्या लांबून ऐकू येतं, याचं त्याला नवल वाटलं. तेव्हा तिला सांगावं लागलं की बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, नवव्या वर्षापासून ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसत आली आहे, आणि घड्याळ उघडण्याआधी कानाला लावायचं, हा त्या दुकानाचा नियम आहे. आता दुकानात घड्याळं यायची कमी झाली होती. बाबांचा हात धरून तिथेच बसून राहायचं की स्वतःचं काही बघायचं, यावर घरात महिनाभर धुसफूस चालली होती. शेवटी तिने हट्टाने हा अर्ज केला होता.

तो बॅडमिंटनच्या सामन्यांत रेषेवर बसणारा पंच होता. शटल आत की बाहेर, एवढंच सांगायचं. खेळाडू डोळे वटारतात, प्रेक्षक आरडाओरडा करतात, पंचाने नाकासमोर बघायचं. एकदा अंतिम सामन्यात त्याच्या सख्ख्या बहिणीचं शटल त्याने बाहेर दिलं आणि ताई हरली.

"मग?" तिने विचारलं.

"ताईने दोन महिने अबोला धरला."

"आणि शटल?"

"बाहेरच होतं. चार बोटं."

एवढ्यात दार उघडलं. पांढऱ्या कोटातले गृहस्थ हातात यादी घेऊन उभे होते, आणि यादीत या दोघांचा पत्ता नव्हता. अंधुक प्रकाशात डोळ्यांना काय आणि किती दिसतं, याचा ते अभ्यास करत होते. प्रयोगासाठी बोलावलेली दोन माणसं खाली फाटकापाशी ताटकळत होती. गृहस्थांची चांगलीच भंबेरी उडाली. तरी जाताना ते हळूच म्हणाले की दार क्षणभरच किलकिलं झालंय, डोळे अजून सरावलेलेच आहेत, तर दोन मिनिटांत चाचणी उरकून घेऊ का. दोघांनी ती दिली. मग बाहेर उजेडात आल्यावर दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं, ओल्या आणि मिचमिच्या डोळ्यांनी. उंच, किंचित पोक काढून उभा राहणारा, कानामागे पेन्सिल खोचलेला. त्याने खिशातून रुमाल काढला, आधी तिला देऊ केला, आणि मग तो वापरलेला आहे हे आठवून ओशाळून परत घेतला.

डावीकडून चौथ्या दाराआड बसणाऱ्या प्राध्यापिकेला अख्खा मजला नुसतं 'बाई' म्हणायचा. बाईंनी सगळी हकीकत ऐकली, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "दार उघडू नका म्हटल्यावर अनोळखी अंधारात वीस मिनिटं बसून राहणारी माणसं मी दोन वर्षं शोधतेय. सोमवारपासून या."

काम ऐकायला सोपं होतं. सहा महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर बसायचं. समोर बाहुल्यांचा छोटा रंगमंच. एक बाहुली पडद्याआड जायची, पाठोपाठ दुसरी जायची, आणि पडदा वर झाला की कधी दोन बाहुल्या दिसायच्या, तर कधी मुद्दाम एकच. बाळाला बोलता येत नाही, पण नवल वाटलं की ते जास्त वेळ बघत राहतं. बाई त्या बघण्याच्या सेकंदांवरून एक प्रश्न सोडवायला बसल्या होत्या: ज्या जिवाला अजून 'आई' म्हणता येत नाही, त्याला एक आणि दोन यांतला फरक कळतो का? इतका लहान जीव, इतका मोठा प्रश्न. तिने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता.

तिने आणि पंचाने करायचं ते एवढंच. बाळाचं चित्रण पडद्यावर बघायचं, फक्त चेहरा, आवाज बंद. रंगमंचावर काय चाललंय ते त्यांना दिसू द्यायचं नाही. बाळ समोर बघायला लागलं की बटण दाबायचं, नजर हटली की सोडायचं. एकाच माणसाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दोघं. एका खोलीचे प्लायवुडने दोन भाग केलेले होते. एकीकडे ती, दुसरीकडे तो. एकच यंत्र दोन्ही पडद्यांना एकाच वेळी तेच चित्र पुरवायचं. दोघांचं किती जुळतं, ते आठवड्याच्या शेवटी बाई काढायच्या. शंभरात नव्वद जुळलं तर उत्तम.

आणि एक नियम होता. अडीचशे बाळं संपेपर्यंत एकमेकांशी बाळांबद्दल अक्षरही बोलायचं नाही. "एकाचं मत दुसऱ्याच्या कानात गेलं की माझ्याकडे डोळ्यांच्या दोन जोड्या उरत नाहीत," बाई म्हणाल्या. "एकच उरते, आणि मला ते कळतही नाही."

बाळांवर बोलायचं नाही, मग बोलायचं कशावर? उरला अख्खा मजला. जेवणाच्या सुट्टीत दोघं जिन्याजवळच्या खिडकीपाशी डबा उघडून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर बोलायची. आठवडाभरात अहो-जाहो गळून पडलं. तो तिला 'घड्याळजी' म्हणायला लागला, आणि ती त्याला सगळ्यांसारखं 'पंच' म्हणायची, फक्त सगळ्यांपेक्षा जरा हळू.

हा मजला म्हणजे एक अजब गाव होतं. प्रत्येक दाराआड माणसाच्या मनाचा एकेक तुकडा घेऊन कुणीतरी वर्षानुवर्षं बसलेलं. काळोखवाल्या सरांशी तर आता ओळखच झाली होती. त्यांच्या शेजारी आठवणींच्या अभ्यासक बसायच्या. ऐंशीच्या घरातल्या माणसांना त्या विसाव्या वर्षीची गाणी, वास, पत्ते विचारायच्या आणि काय टिकतं, काय गळतं याच्या वह्या भरायच्या. स्वतः मात्र रोज छत्री विसरायच्या. पलीकडे एक धडधाकट तरुण संशोधक होते. परिचारिकांची कामाची पाळी बदलते त्या अर्ध्या तासात चुका का वाढतात, हे शोधायला ते स्वतः महिनाभर रुग्णालयाच्या बाकावर बसून आले होते. कोपऱ्यातल्या खोलीत एक जोडगोळी होती. गर्दीत कुणी पडलं तर जो तो दुसऱ्याकडे का बघतो, हा त्यांचा विषय, आणि ते दिसले की लोक सावध चालायचे, कारण त्यांच्यासमोर कोण खरं पडतंय आणि कोण प्रयोगासाठी पडतंय, याचा नेम नसायचा. एकदा खुद्द बाई जिन्यात घसरल्या, तर वरून तिघं नुसती बघत उभी राहिली.

"तू धावलास तेवढा," ती त्याला नंतर म्हणाली.

"मला वाटलं प्रयोग असेल तर असू दे. आपलं काय जातं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग डब्यात बघायला लागली.

पण दोघांचा सगळ्यात जास्त जीव जडला तो भीतीच्या अभ्यासक होत्या त्यांच्यावर. त्यांच्याकडे लिफ्टला भिणारी माणसं यायची. त्या त्यांना कधी 'भिऊ नका' म्हणायच्या नाहीत. पहिला आठवडा नुसतं लिफ्टसमोर उभं राहायचं. दुसऱ्या आठवड्यात आत पाऊल टाकून बाहेर यायचं. मग एक मजला, सोबत. हातात वही, आणि वहीत त्या माणसाची नाडी. एक धिप्पाड गृहस्थ दोन महिने येत होते, आणि त्या दोन महिन्यांत या अभ्यासक एकदाही घड्याळाकडे बघताना दिसल्या नव्हत्या. "इतका धीर आणतात कुठून?" असं ती म्हणाली, तेव्हा पंच म्हणाला की मला ही सगळीच माणसं मोठी वाटतात, कारण आपल्याला जे माहीतच आहे असं आपण समजतो, ते यांनी पहिल्यापासून विचारायला घेतलंय.

तिच्या मनात आलं, हेच मला म्हणायचं होतं. असं हल्ली वरचेवर व्हायला लागलं होतं.

आता प्रेम म्हणायचं तर तसं काहीच घडलेलं नव्हतं. तो कधी नको तिथे बोलला नाही. ती लिहायला लागली की तिच्याकडे पेन्सिल आपोआप सरकायची. पाऊस असला की तो आपली खुर्ची खिडकीच्या बाजूला घ्यायचा, म्हणजे शिंतोडे त्याच्यावर. एवढंच. पण सकाळी प्लायवुडपलीकडे त्याची खुर्ची करकरली की तिला बरं वाटायचं. मग यंत्र सुरू व्हायचं, खोलीत शांतता पसरायची, आणि पलीकडून त्याच्या बटणाचा बारीक आवाज यायला लागायचा. दाबताना टक... सोडताना टक. कुणी सोबत आहे, असं वाटायचं. लहानपणी दुकानात असंच वाटायचं तिला, बाबांच्या पाठीमागे, भिंतभर घड्याळांमध्ये.

पाच महिने गेले. एकशे ऐंशी बाळं झाली. आणि एका सकाळी बाईंनी दोघांना एकदम खोलीत बोलावलं.

टेबलावर एक आलेख होता. पहिल्या महिन्यात दोघांचं जुळणं अठ्ठ्याऐंशी. मग एक्क्याण्णव. मग पंचाण्णव. गेले सहा आठवडे अठ्ठ्याण्णव. आणि त्या उंच रेषेच्या मधोमध एक खड्डा, ऐंशीच्याही खाली.

"हा खड्डा कशाचा आहे, ओळखा," बाई म्हणाल्या. "तू तीन दिवस तापाने घरी होतीस. त्या तीन दिवसांतली बाळं याने एकट्याने बघितली, आणि तू नंतर एकटीने. एकत्र असलात की अठ्ठ्याण्णव, वेगळे झालात की अठ्ठ्याहत्तर. मी चाळीस वर्षं हे काम करतेय. अठ्ठ्याण्णव जुळतं तेव्हा मला आनंद होत नाही, संशय येतो. काय करता तुम्ही? खुणा करता?"

ती आलेखाकडे बघत राहिली. तो मात्र ताठ उभा राहिला. "बाळांबद्दल आम्ही एका शब्दानेही बोललेलो नाही, बाई. खूण केलेली नाही."

त्याच्या आवाजात तीळभरही कंप नव्हता. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि दोन दिवस दिले. तोवर कारण सापडलं नाही, तर पाच महिन्यांचं काम कचऱ्यात, आणि दोघांनाही नारळ.

ती जागेवर येऊन बसली. यंत्र सुरू झालं. पडद्यावर गोबऱ्या गालांचं एक बाळ आलं आणि कुठेतरी छताकडे बघायला लागलं. टक. पलीकडून आवाज आला, आणि तिने खाली पाहिलं तर तिचं बोट बटणावर दाबलेलं होतं. बाळाची मान छतावरून नुकती कुठे खाली वळायला लागली होती. अर्ध्या सेकंदाने त्याने समोर बघितलं.

तिने बोट चटकन उचललं. पुढच्या बाळाला तिने मन घट्ट केलं, नजर पडद्यावर रोखली, ऐकायचं नाही असं स्वतःला दहादा बजावलं. टक... आणि बोट खाली. आणि तिचे कान शिकवले होते कुणी? बाबांनी. ठोका लंगडला की ओळखायचा, आणि जमला की त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. पाच महिने तिने बाळं बघितलीच नव्हती. ती त्याला ऐकत होती.

नोकरी जाईल याचं तिला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर ते दुय्यम होतं. सख्ख्या बहिणीला चार बोटांसाठी हरवणारा तो माणूस. तिने सांगितलं, तर त्याला कळणार की गेले पाच महिने आपल्या शेजारी बसून ही मुलगी लबाडी करत होती, नकळत का होईना. आणि का करत होती तेही सांगावं लागणार, कारण बाई 'का' विचारल्याशिवाय सोडणाऱ्या नव्हत्या. गप्प राहिली तर त्याचा खोटेपणा ठरणार, ज्याने आयुष्यात खोटा निर्णय दिला नाही. कुठूनही विचार केला तरी शेवटी तो तिच्यापासून लांबच जात होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती डबा न उघडताच खिडकीपाशी बसली होती. समोर लिफ्टचं दार सरकलं आणि आतून ते धिप्पाड गृहस्थ बाहेर आले. एकटेच. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे, आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. भीतीच्या अभ्यासक जिन्याने धापा टाकत वर आल्या. त्यांनी त्यांना शाबासकीही दिली नाही, फक्त नाडी धरली आणि वहीत आकडा लिहिला. पण तो आकडा त्यांनी दोनदा खोडून पुन्हा लिहिला, हे तिने पाहिलं.

ती उठली. बाईंनी पुन्हा चौकशीला बोलावलेला पंच आधीच त्यांच्या खोलीत बसलेला होता, हे दार उघडल्यावर कळलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"बाई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "भिंत पातळ आहे. त्याच्या बटणाचा आवाज मला येतो. तो दाबतो... आणि माझं बोट खाली जातं. मला काल कळलं. त्याला यातलं काही माहीत नाही."

बाईंनी चष्मा वर केला. "रस्त्यावरचा आवाजही येतो. जिन्यातला येतो. मग हाच का?"

खोलीत पंखा फिरत होता. तिला वाटलं, जायचंच आहे तर सगळं सांगूनच जावं.

"कारण मी त्याची वाट बघत असते. सकाळी आल्यापासून. तो आवाज आला की मला बरं वाटतं. मला तो... आवडतो, बाई."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. बाईंनी एक लांब श्वास घेतला आणि रागावण्याऐवजी कागद पुढे ओढला. त्या शेवटी संशोधक होत्या. उद्या दोघांनी नेहमीसारखं बसायचं, म्हणाल्या, मी काही बाळं दोघांना वेगवेगळी दाखवणार आहे, कोणती ते सांगणार नाही. एवढंच बोलून त्यांनी दोघांना घालवलं. तो जिन्याकडे गेला, ती दुसरीकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. दोन पडद्यांवर दोन निराळी बाळं, आणि तरीही त्याचं बटण दाबलं गेलं की पाव सेकंदाने तिचं. दहापैकी नऊ वेळा.

"अगदी स्वच्छ," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कौतुक लपत नव्हतं. "इतकी स्वच्छ चूक मी कधी बघितली नाही. आणि स्वतःहून येऊन सांगितलेली तर नाहीच. तुझ्या सगळ्या नोंदी बाद कराव्या लागतील गं. याच्या राहतील. त्याच्यासोबत दुसरं कुणीतरी बसवते."

तिने मान हलवली. हेच होणार, हे तिला माहीत होतं. ती उठायला लागली.

"बाई," पंच म्हणाला, "तुम्ही फक्त दाबणं तपासलंत."

"मग?"

"सोडणंही तपासा. दाबताना ती माझ्यामागे असेल. सोडताना... मी तिच्यामागे असेन."

बाईंनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग कागदांचा दुसरा गठ्ठा पुढे घेतला, बोट ठेवून ओळी बघत गेल्या. मध्ये एकदा "अगंबाई" म्हणाल्या. दोन पानं उलटली. तिला आपल्याच काळजाचे ठोके ऐकू येत होते, आणि ते मुळीच एकसारखे पडत नव्हते.

"दहापैकी नऊ," बाई शेवटी म्हणाल्या. त्यांनी कागद खाली ठेवले, दोघांकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "म्हणजे एकशे ऐंशी बाळं माझ्या खोलीत येऊन गेली, आणि तुमच्यापैकी एकाही शहाण्याने त्यांच्याकडे धड बघितलं नाही. उद्यापासून दोघंही बटणापासून लांब. मी नवीन माणसं आणते, मध्ये विटांची भिंत घालते. त्यांना तुम्ही शिकवा. काय काय चुकू शकतं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि आता जा बाहेर. पुढचं मला नोंदवायचं नाहीये."

बाहेर खिडकीपाशी ऊन आलं होतं. दोघं उभी राहिली, नेहमीच्या अंतरावर. बोलायला इतकं होतं की सुरुवात सापडेना.

"तुझ्या नोंदी शाबूत राहणार होत्या," ती म्हणाली. "बाईंना काही कळलं नसतं. कशाला सांगितलंस?"

"तू सांगितलंस ना."

"मला परवाच कळलं होतं. तुला कधी कळलं?"

त्याने पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा खोचली.

"तुला ताप आला होता ना, तेव्हा. पलीकडे आवाजच नव्हता. पहिल्या दिवशी वाटलं, झोप झाली नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. एकही बाळ कळेना. बघतंय की नाही बघत... मला, मला ठरवता येईना. मी बटण धरून बसायचो आणि तू कधी सोडतेस याची वाट बघायचो. तू तर घरी."

"म्हणजे तीन आठवडे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू गप्प बसलास? तू?"

ज्या माणसाने भरल्या सभागृहात सख्ख्या बहिणीविरुद्ध निर्णय दिला होता, तो आता कान लाल करून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"सांगितलं असतं," तो हळू म्हणाला, "तर त्यांनी तुझी खोली बदलली असती."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. गेले दोन दिवस ती ज्या नजरेला भीत होती, ती नजर तिच्यापुढे अशी खाली झुकून उभी होती, आणि तिला तो आधीपेक्षाही फार फार मोठा वाटला.

"चूकच केलीस," ती म्हणाली.

"हो. सरळसरळ."

"पुन्हा करशील?"

त्याने वर बघितलं. या वेळी तिच्याकडेच, आणि बराच वेळ.

"तुझ्या बाबतीत..." तो म्हणाला, "माझा काही भरवसा नाही."

तिने त्याचा हात हातात घेतला. जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती, जिन्यावरून माणसं येत-जात होती, आणि कुणी बघतंय का हे बघायला दोघांपैकी कुणालाही सवड नव्हती.